पेवातलं पाणी

मोहनराव पाटील हे माझे आजोबा. त्यांची तसबीर आमच्या बैठकीत आहे. डोक्याला मोठा फेटा, अंगात बंद गळ्याचा कोट, हातात काठी, आणि चेहरा असा, की फोटो काढणाऱ्यानं त्यांच्या विहिरीचं पाणी न विचारता प्यायलं असावं. या माणसाबद्दल आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. धनगरवाड्यातल्या साखराबाई नावाच्या एका हट्टी बाईनं गावाला फार त्रास दिला, आणि आजोबांनी मोठ्या मनानं तिला सोडून दिलं. लहानपणापासून मी हेच ऐकत आलो. मोठेपणी साखराबाईची सून रतनबाई हिच्या ओट्यावर बसून तिच्या तोंडून सगळं ऐकलं, तेव्हा कळलं की आमच्या घरच्या गोष्टीत फक्त नावं तेवढी खरी आहेत. म्हणून आता मी सांगतो. पाटलाच्या घरातला असल्यामुळे पाटलाला नावं ठेवायचा मला हक्क आहे, आणि तो मी पुरेपूर वापरणार आहे.

आमचं गाव आष्टीपासून चार कोसांवर, उघड्या माळावरचं. राज्य निजामाचं, पण निजाम बसला हैदराबादेत. गावात राज्य पाटलाचं होतं. उन्हाळ्यात न आटणारी विहीर गावात एकच होती आणि ती आमची. चैत्र लागला की तिचंही पाणी तळाला जाई, मोट भरेनाशी होई, आणि आजोबांच्या पेरूच्या बागेचे हाल होत. त्यावर त्यांनी एक रीत घालून दिली होती. विहिरीवर आलेल्या बाईनं आधी दहा पोहरे शेंदून बागेला पाणी नेणाऱ्या दंडात ओतायचे, मग आपली एक घागर भरायची. दुसरी घागर हवी तर पुन्हा दहा. याला वेठ म्हणायचं नाही, ‘पाण्याचा मान’ म्हणायचं, असंही त्यांनी बजावलं होतं. मान देता देता बायांच्या हातांची सालटं निघत.

साखराबाई हा मान पंधरा वर्षं देत होती. घरात नवरा सिदू, मुलगा बंकट आणि सून रतनबाई. चाळीसेक मेंढ्या आणि माळाच्या कडेला थोडं बरड रान. बंकट बहुतेक वेळ मेंढरांमागे बाहेरच असे. साखराबाई उंच, हडकुळी, बोलायला फटकळ. पण त्या पंधरा वर्षांत दहा पोहऱ्यांबद्दल तिनं एक शब्द काढला नव्हता, हे रतनबाई मला आवर्जून सांगायची. “आत्याबाई जलमापासून तशा न्हवत्या,” ती म्हणायची. “त्या एका सकाळी झाल्या.”

ती सकाळ मानमोडीची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. रतनबाई त्या तापातून कशीबशी वाचली होती आणि अंगात अजून जीव आला नव्हता. पाच पोहरे तिनं ओढले. सहावा अर्ध्यावर आला आणि दोर हातातून सुटला. सरसर खाली जाताना तो तिच्या उजव्या तळहाताचं कातडं घेऊन गेला. आजोबा बागेच्या बांधावर उभे होते. त्यांनी पहिली चौकशी पोहऱ्याची केली. मग निवाडा दिला, की सहावा पोहरा वर आला नाही, सबब तो धरायचा नाही, राहिलेले पाच सासूनं ओढावेत.

साखराबाईनं पदराची चिंधी फाडून सुनेचा हात बांधला. तिची स्वतःची घागर भरून काठावर ठेवलेली होती, दहा पोहरे ओढून मिळवलेली. ती तिनं उचलली आणि विहिरीवरच पालथी केली. सगळं पाणी परत विहिरीत गेलं.

“पाटील, तुमचं पाणी तुमाला,” ती म्हणाली. “आजपासून ह्या विहिरीचा थेंब माझ्या घरात येणार न्हाई.”

आजोबा हसले आणि किती दिवस, असं त्यांनी विचारलं.

“मी घरात हाय तवर,” साखराबाई म्हणाली.

रिकामी घागर डोक्यावर घेऊन ती भर गावातून घरी आली. सकाळच्या पारी रिकामी घागर समोर येणं लोकांना अशुभ वाटतं. पारावर बसलेल्यांनी तोंडं फिरवली, एकजण थुंकला. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. घरी येऊन तिनं ती तांब्याची घागर अंगणाच्या भिंतीवर उपडी घातली आणि सिदूला सांगितलं, की ही आता आपल्या पाण्यानं भरेल तेव्हाच सुलटी होईल. सिदू ओट्यावर लोकर विंचरत होता. साधा, भित्रा माणूस, पाटलाची सावली दिसली तरी वाट बदलणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग संध्याकाळच्या भाकरीचं पीठ कशात मळायचं. प्रश्न अगदी रास्त होता.

दुसरं पाणी दीड कोसावर होतं. नदीच्या कोरड्या वाळूत हातभर खड्डा केला की झिरा लागे. वाटीवाटीनं घागर भरायची आणि दीड कोस परत यायचं. सासू-सुना पहाटे निघत, ऊन तापेपर्यंत येत. डोक्यावरून दीड कोस आणलेलं पाणी कसं वापरायचं, हे मग साखराबाईनं ठरवलं, आणि तिच्या ठरवण्यापुढे घरातल्या कोणाचं काही चाललं नाही. आंघोळ न्हाणीच्या दगडावरच करायची, कारण दगडाचा उतार तिनं अंगणातल्या लिंबोणीकडे काढून दिला होता. भांडी राखेनं कोरडी घासायची आणि शेवटी फक्त ओल्या फडक्यानं पुसायची. हात धुवायचे ते दुधी भोपळ्याच्या बुडाशी. चूळ भरायची तीसुद्धा मिरचीच्या वाफ्यात, आणि आज कोणती मिरची हे ती सांगेल. लिंबोणीच्या मुळाशी तिनं एक फुटकं मडकं गळ्यापर्यंत पुरलं होतं. त्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधीची वात, तोंडावर खापर. चार दिवसांनी एकदा मडकं भरलं की पाणी वातीवाटे थेंबाथेंबानं मुळांना मिळे आणि उन्हाला त्यातलं काही मिळत नसे. सिदूला या काळात पाहुण्यांकडे जायची मोठी आवड लागली. तिथं पोटभर पाणी प्यायला मिळे.

गाव वाट बघत होतं, की ही कधी विहिरीवर येते. ज्येष्ठ संपला, ती आली नाही. पाऊस पडला आणि सगळ्यांना वाटलं, विषय संपला. खरा विषय तिथून सुरू झाला.

आमच्याकडची घरं माळवदाची. सपाट छप्पर, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि पाणी खाली टाकायला पन्हळ. साखराबाईच्या घराची पन्हळ शिंदीच्या पोखरलेल्या खोडाची होती. श्रावणात एका दुपारी ती धो धो वाहत होती. घरातली होती नव्हती ती भांडी भरून झाली आणि उरलेलं पाणी दारावरून बोळात चाललं. साखराबाई डोक्यावर पोतं घेऊन त्या पाण्यामागे निघाली. बोळातून ते ओढ्याला गेलं, आणि ओढ्यातून पाटाच्या तोंडाशी अडवून सरळ आमच्या पेरूच्या बागेत. ती बांधावर उभी राहून बघत राहिली. आपण दीड कोस चालायचं आणि आपल्या डोक्यावरच्या छपराचं पाणी पाटलाच्या पेरूला जायचं. रतनबाई म्हणायची, की त्या दिवशी आत्याबाई घरी आल्या त्या लई गप्प होत्या, आणि त्या गप्प असल्या की आम्हाला भीती वाटायची.

त्यांच्या अंगणात एक पेव होतं. ज्वारी साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत मोठा घेर. दोन वर्षं पीक नसल्यामुळे ते रिकामंच होतं. साखराबाईनं ठरवलं, पाणी पेवात भरायचं. आता पेव तयार कसं करतात हे तिला आजेसासूपासून माहीत होतं. तसंच तिनं केलं. भिंती शेणामातीनं सारवल्या, तळाला कडब्याचा थर घातला, कडेनं भुसा ठासला. ज्वारीची जी बडदास्त ठेवतात तीच पाण्याची ठेवली. मग पन्हळीचं तोंड पेवाकडे वळवलं. दोन पावसांत पेव अर्धं भरलं. चौथ्या दिवशी झाकण काढून पाहिलं तर तळाशी चिखलात कडबा कुजत पडला होता आणि पाणी जमिनीनं पिऊन टाकलं होतं. वर घराचा तो कोपरा बोटभर खचला.

गावाला हसायला एवढं पुरलं. साखराबाईनं जमिनीला पाणी पाजलं, असं म्हणत लोक तिच्या दारावरून जात. आजोबांनी निरोप पाठवला, की विहिरीची वाट मोकळी आहे आणि तिच्या पोहऱ्यांना मी पाचाची सूट देतो. साखराबाईनं निरोप्याला पोटभर शिव्या दिल्या आणि जाताना एक दुधी भोपळा दिला, कारण त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

गावात तात्याबा नावाचा म्हातारा गवंडी होता. तरुणपणी त्यानं देवळांच्या कुंडांना चुन्याचा गिलावा केला होता. आता डोळ्यांना दिसत नव्हतं. साखराबाई त्याच्याकडे गेली. त्यानं आधी अर्धा तास तिला मूर्खात काढलं. धान्याला कोरडं लागतं, पाण्याला बंद लागतं, एवढं कळत नाही का, असं विचारलं. मग चुन्याची कृती सांगितली. माळावर चुनखडी पडलेली असतेच. ती सासू-सुनांनी पाट्या भरभरून आणली, मेंढ्यांच्या लेंड्या आणि बाभळीची लाकडं रचून भाजली, विझवली, आणि दगडी पाट्यावर लोण्यासारखी वाटली. त्यात गूळ घातला, बेलफळाचा गर घातला. तात्याबानं सांगितलं होतं, की चुन्याला चिरा पडू नयेत म्हणून तागाचे दोरे कातरून घाला. ताग नव्हता. लोकर होती. बंकट त्या वेळी घरी आलेला होता. त्याच्या नव्या घोंगडीसाठी काढून ठेवलेली सगळी लोकर साखराबाईनं बोटभर कातरून चुन्यात मिसळली. तात्याबानं ते मिश्रण जिभेला लावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि चालेल म्हणाला. त्या हिवाळ्यात बंकट जुन्या घोंगडीत कुडकुडला.

गिलावा साखराबाईनं लावला, पण तो घोटला रतनबाईनं. नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन ती रोज पेवात उतरे आणि ओल्या चुन्यावर फिरवत राही. बारा दिवस. विहिरीच्या दोरानं सोललेला हात तोच. तळहाताला पांढरा वण पडला होता, त्याच्यावर चुना बसे आणि झोंबे. तिनं तक्रार केली नाही. ती बोलायचीच कमी. गावात कित्येकांना तिचा आवाज कसा आहे हे माहीत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस बेताचाच झाला. पण साखराबाईची तयारी झाली होती. माळवदावर चपला घालून कोणी जायचं नाही. कोंबडी वर दिसली तर ती कालवणात जाईल. पहिले चार पाऊस माळवद धुवायला सोडून द्यायचे, तेव्हा पन्हळ बोळाकडेच. मग ती पेवाकडे वळवायची, आणि मध्ये बुडाला भोकं पाडलेली जुनी घागर टांगायची, तिच्यात वाळू, कोळसा आणि वर धोतराचं फडकं. भाद्रपद संपताना पेव गळ्याच्या खाली हातभर तेवढं रिकामं उरलं. साखराबाईनं गाठी मारलेला दोर आत सोडला. आठ दिवसांनी पुन्हा सोडला. पाणी त्याच गाठीला होतं. तेव्हा तिनं भिंतीवरची तांब्याची घागर सुलटी केली, चिंचेनं घासली, पेवातून भरली आणि सिदूला पाणी पाजलं. तो म्हणाला, की चुन्याचा वास येतो. तरी त्यानं दुसरा तांब्या मागितला.

पाऊस कमी म्हणून त्या वर्षी दुष्काळ पडला. चैत्रात विहिरीवर पुन्हा दहा पोहऱ्यांची रीत सुरू झाली, आणि आजोबांना दिसलं की साखराबाई विहिरीवर नाही आणि नदीवरही जात नाही. आणखी एक गोष्ट दिसली. धनगरवाड्यातल्या चार घरांतल्या बाया तात्याबाकडे चुन्याची चौकशी करून आल्या होत्या. चार घरं म्हणजे आठ हात, आणि पेरूंना पाणी लागतं. आमच्या घरात सांगतात त्या गोष्टीत हे हात कुठंच नसतात.

साखराबाईला चावडीवर बोलावणं आलं. आजोबांनी गावासमोर म्हणणं मांडलं, की पेव ही लक्ष्मीची जागा, तिथं धान्याऐवजी पाणी भरलं म्हणून देव कोपला आणि पाऊस गेला. काही माना हलल्या. माणसं घाबरलेली असली की त्यांना असलं पटतं.

“मानमोडीच्या साली पेवात पाणी न्हवतं,” साखराबाई म्हणाली. “तवा पाऊस कावून न्हाई पडला?”

तेव्हा आजोबांनी दुसरी बाजू काढली. जमीन सरकारची, जमिनीवरचं पाणी सरकारचं, ते असं अडवणं हा गुन्हा आहे आणि तालुक्याला लिहून कळवावं लागेल. पटवाऱ्यानं लेखणी हातात घेतली. सिदू चावडीच्या पायरीखाली उभा होता, तो बायकोला घरी चल अशी हातानं खूण करायला लागला. साखराबाई पायरीवर एक पाऊल वर चढली.

“लिव्हा की. सरकारला लिव्हा, तुमचा पाऊस सरकारी छपरावर पाडा. माझ्या माळवदावर पडला तो माझा. मी बोलवाया गेलते का त्याला?”

मागे बायांत कोणीतरी हसलं. आजोबांना ते हसू सहन झालं नसावं. त्यांनी हुकूम केला, की आठ दिवसांत पेव मातीनं बुजवा, नाहीतर आम्ही बुजवू. घरी गेल्यावर सिदू बायकोच्या विनवण्या करायला लागला, की तेलगावाकडे माझी बहीण आहे, मेंढरं घेऊन तिकडं जाऊ. तिनं त्याला सांगितलं, की तुम्ही जा, पेव काही गाडीत घालून नेता येत नाही.

नवव्या दिवशी, वैशाखात, दिवस चांगला वर आल्यावर आजोबा आठ माणसं आणि मातीच्या दोन गाड्या घेऊन आले. माती पांढरी, गावठाणातून खणलेली होती, कारण ती जवळ होती. अंगणाचं दार ढकलून गाड्या आत घेतल्या आणि पेवाशेजारी ढीग केला. साखराबाई ओट्यावर दळत होती. ती उठली. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक रतनबाईच्या हातात दिलं, पेवाचं झाकण सरकवलं आणि आत उतरली.

पेवात कोणी असं उतरत नाही. आधी दिवा सोडून पाहतात. दिवा विझला तर आत वाईट हवा आहे असं समजतात, कारण ज्वारीच्या पेवात उतरून माणसं मेलेली सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या आठ माणसांना पेवाची भीती आईच्या दुधाबरोबर मिळालेली होती. ते दोन पावलं मागे सरले. खालून साखराबाईचा आवाज आला. पेवात तो मोठा होऊन घुमत होता.

“टाका आता. गावाच्या भल्याचं काम हाय, थांबू नका.”

मांडीइतक्या पाण्यात ती उभी होती. माणसं हलेनात. आजोबा ओरडले, तरी हलेनात. शेजारच्या माळवदांवर बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा आजोबांनी रतनबाईला दोर सोडायला सांगितलं. वण पडलेल्या हाताभोवती तिनं दोराचा आणखी एक वेढा घेतला आणि मुठीत आवळला.

आणि मग माझ्या आजोबांनी, त्या तसबिरीतल्या माणसानं, स्वतः पाटी उचलली, मातीनं भरली आणि पेवात ओतली. हे आमच्या घरात कोणी कधी सांगितलेलं नाही. मला त्याची लाज वाटते आणि ती लपवायचं मला काही कारण दिसत नाही. खाली पाण्याचा आवाज झाला. मग खोकला आला. मग साखराबाई म्हणाली, “एकच? दोन गाड्या आनल्या न्हवं?”

आजोबा दुसऱ्या पाटीसाठी वाकले. तोवर सिदू मेंढरं कोंडायच्या वाघुरापाशी लपून उभा होता. तो पुढे आला, पेवाच्या तोंडावर पाय आत सोडून बसला आणि खांद्यावरची घोंगडी त्यानं पेवावर पसरली. तो नुसता बसून राहिला. शेवटी आजोबांनी हातातली पाटी खाली टाकली.

“पानी तर नासलं ना,” ते म्हणाले. “आता कुठं जाती बघतो. येशील विहिरीवर.”

ते गेले, माणसं गेली. रतनबाईनं आणि सिदूनं साखराबाईला वर ओढलं. केसांत माती, डोळे लाल, लुगडं चिंब. तिनं डोळे पुसले, ढिगातली चिमूटभर माती बोटांनी चुरून पाहिली आणि सुनेला म्हणाली, “पांढरीची हाय. माळवदाला झाक लागती. दोन गाड्या घरपोच आल्या, वर न्या.” संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून ती सगळी माती माळवदावर चढवली, चोपली आणि पन्हळीकडे उतार काढला.

पण पाणी नासलं होतं, हे खरं होतं. पावसाला चाळीस दिवस होते. गढूळ पाणी तिनं लिंबोणीला आणि वेलांना घातलं, पेव कोरडं करून पुसून काढलं, आणि सासू-सुना पुन्हा पहाटे नदीच्या वाटेला लागल्या. त्या वर्षी झिराही खोल गेला होता. एका घागरीला दोन तास लागत. साखराबाईचे ओठ फुटले, रतनबाईला चक्कर येऊन ती वाटेत दोनदा पडली. गावातल्या एका बाईला दया आली आणि तिनं गपचूप भरलेली घागर यांच्या दारात आणून ठेवली. साखराबाईनं ती थेंबही न सांडता तिच्या घरी परत नेऊन दिली. दया खरी होती, पण पाणी त्याच विहिरीचं होतं. चाळीस दिवस गेले. ती विहिरीवर गेली नाही.

त्यानंतरच्या तीन वर्षांत धनगरवाड्यातली पाच पेवं चुन्याची झाली. दर घरामागं विहिरीवरचे दोन हात कमी झाले. आजोबांनी दहाचे पाच पोहरे केले, पाचाचे दोन केले, आणि शेवटी कोणी मोजेनासं झालं. पेरूची बाग वाळली. आमच्या घरात अजून तो दोष पावसाला देतात.

साखराबाई पुढं बारा-तेरा वर्षं जगली. त्या काळात तिच्या लिंबोणीची लिंबं आष्टीच्या बाजारात गेली, तिनं पूर्वीइतक्याच जणांशी भांडणं केली, आणि चूळ भरायची मिरची तीच ठरवत राहिली. सिदू तिच्या आधी गेला. आजोबाही गेले. विहिरीवरची रीत माझ्या वडिलांनी, सुंदररावांनी, बंद करून टाकली होती. विहीर आता सगळ्यांना मोकळी होती.

ती वैशाखातच गेली, सकाळी, भाकरी खाऊन झाल्यावर, ओट्यावर बसल्या बसल्या. त्या वर्षीही पाऊस ओढलेला होता. तिच्या पेवात तळाशी चार-सहा घागरी उरल्या असतील. धनगरवाड्यात माणसं जमली. मयताला आंघोळ घालायला पाणी लागतं, आणि या घरात ते नाही, हे माझ्या वडिलांच्या कानावर आलं. माझे वडील सज्जन माणूस. गड्याला न सांगता त्यांनी स्वतः विहिरीतून चार घागरी शेंदल्या, गाडीत ठेवल्या आणि साखराबाईच्या अंगणाच्या दाराशी नेल्या. बापानं टाकलेल्या त्या पाटीची गोष्ट त्यांना ठाऊक असावी, असं मला वाटतं.

पहिली घागर उचलून ते आत पाऊल टाकणार, तोच रतनबाई दारात येऊन उभी राहिली. डोळे रडून सुजलेले होते. ज्या बाईचा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता, तिनं दोन्ही हात चौकटीला लावले.

“सुंदरराव, तुमच्या मनात वाईट न्हाई, मला ठावं हाय,” ती म्हणाली. “पर ह्या विहिरीचं पाणी आत येत न्हाई. आत्याबाई अजून घरातच हायेत.”

वडिलांनी घागर खाली ठेवली. मागे कोणीतरी म्हणालं, की अशा वेळी हट्ट बरा नाही. रतनबाईनं त्या माणसाकडे पाहिलंही नाही. ती पेवाकडे गेली, पोहरा सोडला, आणि तळ खरवडत ती तांब्याची घागर भरली. न्हाणीच्या दगडावर बायांनी साखराबाईला आंघोळ घातली. ते पाणी दगडाच्या उतारावरून निघालं आणि त्या घरातलं सगळं पाणी जिथं जायचं तिथं, लिंबोणीच्या आळ्यात, गेलं. वडिलांनी ते दारातूनच पाहिलं.

मग त्यांनी आपल्या चार घागरी परत गाडीत ठेवल्या. घरी आणल्या नाहीत. जिथं पेरूची बाग होती तिथं गाडी नेली आणि एकही झाड नसलेल्या त्या जमिनीत चारही ओतून टाकल्या.